मुंगूस गेला पलीकडे

एका जंगलात, बाळांनो, शहाणे प्राणी पुष्कळ होते. ही गोष्ट त्यांची नाही. ही गोष्ट विसोबा साळिंदराची आहे.

विसोबा राहायचा करवंदीत. करवंदी म्हणजे जंगलाची ओढ्याअलीकडची बाजू. ओढ्यापलीकडच्या बाजूला म्हणायचे पळसबन. दोन्हीकडे तीच माती, तशीच झाडं आणि तेच डास. पण करवंदीतल्या कोणालाही विचारलं तर तो छातीवर हात ठेवून सांगायचा, की पळसबनातले डास जास्त चावतात.

वर्षातून चारदा करवंदी आणि पळसबन यांच्यात हुतूतूचा सामना व्हायचा. हुतूतू ठाऊक आहे ना? ठाऊक नसेल तर लाजू नका, सांगतो. एका दमात 'हुतूतू हुतूतू' म्हणत समोरच्यांच्या हद्दीत शिरायचं, कोणाला तरी शिवायचं आणि दम सुटायच्या आत मधल्या रेघेवर परत यायचं. याला म्हणतात चढाई. समोरच्यांनी धरून ठेवलं तर तुम्ही बाद. एवढंच. एवढ्यासाठी जंगलात आठ-आठ दिवस लोक एकमेकांशी बोलत नसत.

करवंदीचा चढाईवाला होता मुरार मुंगूस. अंगाने हडकुळा, डोळे लाल, शेपूट झाडूसारखी. उभा राहिला तर वाटायचं, याला वाऱ्यापासून जपायला हवं. पण एका सामन्यात पळसबनच्या सात जणांनी त्याला एकदम धरलं. धूळ उडाली. खाली बसली तेव्हा सातही जणांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं आणि मुरार मधल्या रेघेवर उभा राहून अंग झटकत होता.

ते विसोबाने पाहिलं आणि त्या दिवसापासून तो मुरारचा झाला.

आता साळिंदरं दिवसा झोपतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. पण सामने दिवसा असायचे. म्हणून विसोबा दिवसा जागायला लागला. सगळं साळिंदरकुळ संध्याकाळी कामाला बाहेर पडायचं, तेव्हा हा घोरत असायचा. नातेवाइकांनी नावं ठेवली. विसोबाने मनावर घेतलं नाही.

सामन्यात तो मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात बसायचा. एकटाच. मुरार चढाईला निघाला की विसोबाच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहायचा आणि मुरार परत आला की आनंदाने दोन-चार काटे उडायचे. पुस्तकात लिहिलेलं असतं, साळिंदराचे काटे उडत नाहीत. पुस्तकं लिहिणारे करवंदीच्या सामन्याला आले नव्हते.

घरी आल्यावर त्याची बायको चांगुणा विचारायची, "झालं का कल्याण?"

"आज आपल्या मुरारने पाच जण बाद केले!"

"आपल्या? आपला कधीपासून? त्याला तुमचं नाव तरी ठाऊक आहे का?"

"नाव ठाऊक असायला कशाला हवं? मला त्याचं ठाऊक आहे ना."

चांगुणा कपाळाला हात लावायची. हळूच. साळिंदरांना सगळं हळूच करावं लागतं.

असे चांगले दिवस चालले होते. मग एका सकाळी मोठ्या सागाच्या झाडावर सुतारपक्षी टकटक करू लागला. जंगलातल्या सगळ्या सूचना तो खोडावर कोरायचा. विसोबा जांभया देत तिथे पोचला, तेव्हा शेवटची ओळ कोरून होत आली होती. सूचना अशी होती:

'करवंदी क्रीडा मंडळाच्या दीर्घकालीन हितास्तव मुरार मुंगूस यांचे पळसबन मंडळाकडे हस्तांतरण करण्यात येत आहे. त्या बदल्यात करवंदीस दोन रानडुकरे, तसेच पुढील वर्षी पळसबनात जन्मणाऱ्या पिल्लांपैकी पहिले पिल्लू निवडण्याचा हक्क प्राप्त होत आहे. सर्वांनी आनंद मानावा.'

विसोबाने ती तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी 'आनंद मानावा' इथे त्याला अक्षरं दिसेनात.

शेजारी धोंडू ससा उभा होता. हा धोंडू गेली तीन वर्षं सगळ्यांना सांगायचा, मुरार मला मावसभावासारखा आहे.

"धोंडू, वाचलंस?" विसोबाने विचारलं.

"वाचलं ना," धोंडू म्हणाला. "गद्दार निघाला!"

"अरे, पण तो कुठे गेलाय? त्याला दिलंय."

"मग नाही म्हणायचं होतं त्याने!"

"कोणाला?"

"ते मला काय ठाऊक?" असं म्हणून धोंडू तावातावाने उड्या मारत निघून गेला.

मंडळाचे व्यवस्थापक होते बगळेसाहेब. पांढरेशुभ्र, उंच, मान वाकडी करून बोलणारे. त्यांना स्वतःला हुतूतू येत नसे. बोलायला लागले की त्यांचा दम मात्र सुटत नसे. विसोबा तडक ओढ्याकाठी त्यांच्याकडे गेला.

"साहेब, मुरार आपला होता."

"आपला म्हणजे कोणाचा?" बगळेसाहेबांनी विचारलं.

"आपला. म्हणजे करवंदीचा. म्हणजे... माझा."

"तसं काही लेखी आहे का तुमच्याकडे?"

विसोबाने काटे चाचपून पाहिले. लेखी नव्हतं.

"हे पाहा," बगळेसाहेब मायेने म्हणाले, "तुम्ही भावनेने बघता. मी उंचावरून बघतो. मुरारला खेळायला लागून आता चौथं वर्ष लागलंय. मुंगसाचे गुडघे किती दिवस टिकतात? याउलट डुकरांचा पाया पक्का. आणि शिवाय ते पिल्लू."

"कोणतं पिल्लू?"

"पुढच्या वर्षीचं. त्याच्यात फार गुण आहेत."

"कोणाचं आहे ते?"

"ते अजून ठरायचंय."

"त्याच्या आईबापांना तरी ठाऊक आहे का?"

"योग्य वेळी कळवण्यात येईल," बगळेसाहेब म्हणाले आणि पाण्यात बघू लागले. भेट संपली होती.

विसोबा घरी आला आणि बिळात तोंड खुपसून पडून राहिला. दोन दिवस जेवला नाही. चांगुणाने पहिल्या दिवशी चेष्टा केली. दुसऱ्या दिवशी तिने चेष्टा थांबवली आणि एक चांगला जाडजूड कंद उकरून त्याच्यापुढे ठेवला.

"खायचा नसेल तर त्याला नेऊन द्या," ती म्हणाली. "जाणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यावं. इथे तोंड खुपसून पडून काय होणार आहे?"

विसोबा उठला. कंद तोंडात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुरारच्या दारात गेला.

बाळांनो, मैदानात मोठे दिसणारे लोक घरी किती लहान दिसतात, हे तुम्ही मोठे झालात की कळेल. मुरारचं बीळ अगदी साधं होतं. त्याची बायको येसू आवराआवर करत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. पोरं कोपऱ्यात भांडत होती. मुरार दारातच गाठोडं बांधत बसला होता.

"या," तो म्हणाला. आणि कंद पाहून म्हणाला, "अरे वा."

मुंगूस कंद खात नाही. विसोबाला ते त्या क्षणी आठवलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मुरारने कंदाचा एक तुकडा तोडला, चावला, कसाबसा गिळला आणि म्हणाला, "गोड आहे."

"तुला कधी सांगितलं त्यांनी?" विसोबाने विचारलं.

"सांगितलं कुठे? बाहेर टकटक कसली चाललीय म्हणून बघायला गेलो, तर माझंच नाव."

मुरारने गाठोड्याची गाठ आवळली. मग मुरार म्हणाला, "तुम्ही उजव्या कोपऱ्यात बसता ना?"

विसोबा एकदम पुढे सरकला. "ओळखतोस तू मला?"

"न ओळखून कसं चालेल? पहिल्याच वर्षी तुमचा एक काटा इथे बसला होता." मुरारने उजवी मांडी वळवून दाखवली. तिथे बारीक पांढरा व्रण होता. "तेव्हापासून मी चढाईला डाव्या अंगानेच जातो. लोक म्हणतात, डावी चढाई ही मुरारची खुबी. आता लोकांना काय सांगणार?"

विसोबाला आधी लाज वाटली. मान खाली गेली. पण मग हळूहळू, बाळांनो, त्याला असा काही अभिमान वाटायला लागला की तो लपवायला त्याला खोकावं लागलं. घरी पोचताच त्याने चांगुणाला हाक मारली.

"तो मला ओळखतो!"

"कशावरून?"

"मी त्याला जखमी केलंय!"

दुसऱ्या दिवशी मुरार, येसू आणि पोरं ओढा ओलांडून पलीकडे गेली. विसोबा काठावर उभा राहून बघत होता. हात हलवावा की नाही हे ठरेपर्यंत ती झाडीत दिसेनाशी झाली.

त्याच दिवशी दोन रानडुकरं अलीकडे आली. थोरलं आणि धाकटं. स्वभावाने गरीब होती बिचारी. त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. पण त्यांचं स्वागत धोंडूने केलं आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांना सांगू लागला, की थोरलं डुक्कर मला मावसभावासारखं आहे.

पुढचा सामना महिन्याभराने आला. विसोबाने ठरवलं होतं, जायचं नाही. तसं त्याने चांगुणाला चार वेळा सांगितलं. सामन्याच्या दिवशी पहाटेच तो उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला.

मुरार पलीकडच्या बाजूने मैदानात उतरला. गळ्यात पळसाच्या फुलांची माळ होती. करवंदीचे सगळे प्राणी एका सुरात ओरडले, "गद्दार! गद्दार!" धोंडूचा आवाज सगळ्यात वर होता. ज्यांनी मुरारचं नाव आपल्या पोरांना ठेवलं होतं, तेही ओरडत होते आणि पोरं भांबावून आईबापांकडे बघत होती.

विसोबानेही तोंड उघडलं. करवंदी त्याचं घर होतं, त्याच्या आज्याची बिळंसुद्धा इथेच होती. ओरडायला हवं, हे त्याला समजत होतं. पण 'ग' काही बाहेर पडेना. त्याने तोंड मिटलं.

मुरार चढाईला निघाला. हुतूतू, हुतूतू. थोरल्या डुकराने वाट अडवली. धाकटं मागून आलं. मुरार एकाच्या पोटाखालून शिरला, दुसऱ्याच्या पाठीवरून निघाला, दोघांना शिवला आणि रेघेवर परत गेला.

मैदान चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत उजव्या कोपऱ्यातून आवाज आला:

"शाब्बास रे माझ्या मुरार!"

तीन काटेही उडाले. एक धोंडूच्या कानाजवळून गेला.

सगळ्या करवंदीने मान वळवून विसोबाकडे पाहिलं. विसोबाने स्वतःकडे पाहिलं. आपणच ओरडलो, हे त्याला तेव्हा कळलं.

खेळ पुढे चालला. शेवटची चढाई मुरारची होती. तो आत शिरला, वळला आणि ओल्या मातीवर त्याचा पाय निसटला. तेवढ्यात थोरलं डुक्कर त्याच्यावर बसलं. मुद्दाम बसलं असंही नाही. ते दमलं होतं आणि मुरार खाली होता. दम सुटला. मुरार बाद झाला. करवंदी जिंकली.

मग काय विचारता! पंधरा प्राण्यांनी मिळून डुकराला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. तिघांची कंबर धरली. "आपलं डुक्कर! आपलं डुक्कर!" असा जयघोष करत मिरवणूक निघून गेली आणि मैदान मोकळं झालं.

मुरार एकटाच रेघेपाशी बसून पाय चोळत होता. विसोबा जपून त्याच्याजवळ गेला.

"लागलं का रे?"

"डुक्कर बसलं अंगावर."

"हो. बघितलं मी."

मुरारने पायाची माती झटकली. मग विसोबाकडे न बघता म्हणाला, "ओरडणारे पुष्कळ होते आज. तुमचा आवाज ऐकू आला मला."

विसोबा तिथेच खाली टेकला. तो त्याच्या शेजारी बसून राहिला. अंतर ठेवून, अर्थात.

इकडे मंडळाची बैठक भरली. धोंडूने तक्रार केली, की करवंदीत राहून, करवंदीची करवंदं खाऊन हा साळिंदर पलीकडच्यांना शाब्बासकी देतो. अशाने संघाचं मन खचतं. बगळेसाहेबांनी मान वाकडी करून विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सागावर पुन्हा टकटक सुरू झाली.

'मंडळाने प्रेक्षकवर्गाची फेररचना हाती घेतली आहे. त्यानुसार श्री. विसोबा साळिंदर यांचे, कुटुंबासह, पळसबनाकडे हस्तांतरण करण्यात येत आहे. त्या बदल्यात सांगू तेव्हा ओरडणारे दोन पोपट प्राप्त होत आहेत. सर्वांनी आनंद मानावा.'

चांगुणाने सूचना नीट वाचली.

"दोन पोपट?" ती म्हणाली. "तुमच्या एकट्याच्या बदल्यात दोन?" क्षणभर तिला बरंच वाटलं. मग ती भडकली. "आणि 'कुटुंबासह' म्हणजे काय? मला नाव नाही? मी काय डुकरांबरोबरचं पिल्लू आहे?"

पण विसोबाच्या चेहऱ्याकडे पाहून ती थांबली. तो दुःखी दिसायला हवा होता. जन्मगाव सुटत होतं. आणि तो चक्क हसत होता.

"चांगुणा," तो म्हणाला, "मुरार तिकडेच आहे ना."

आवरायला फार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. ओढ्यात ओळीने मोठे दगड होते, त्यांवरून पलीकडे जायचं. विसोबा पुढे, चांगुणा मागे. अर्ध्या वाटेवर पोचतात तो समोरून कोणीतरी डोक्यावर गाठोडं घेऊन येताना दिसलं.

तो मुरार होता. मागे येसू आणि पोरं.

मधल्या मोठ्या दगडावर दोघं समोरासमोर उभे राहिले.

"कुठे निघालात?" मुरारने विचारलं.

"पळसबनला. दिलंय मला. तू?"

"करवंदीला. परत दिलंय. पळसबनवाले म्हणाले, डुकराखाली सापडणारा मुंगूस काय कामाचा? धाकटं डुक्कर आणि ते पिल्लू परत घेतलं त्यांनी."

"तेच पिल्लू?"

"तेच. जन्मलेलं नाही अजून, पण दोनदा ओढा ओलांडून झाला त्याचा."

विसोबा हसायला लागला. मुरारही हसायला लागला. हसता हसता विसोबाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मुरार हसायचा थांबला आणि त्याने गाठोडं खाली ठेवलं.

बायका तोवर कामाला लागल्या होत्या. येसू सांगत होती, पळसबनातलं आमचं बीळ रिकामंच आहे, तुम्ही तिथेच जा, फक्त दार थोडं रुंद करून घ्या, काटे अडकतील. चांगुणा सांगत होती, आमच्या बिळात चार कंद ठेवलेत. येसू म्हणाली, आम्ही कंद खात नाही. चांगुणा म्हणाली, ठाऊक आहे, पण कोणाला तरी देता येतील.

"विसोबा," मुरार हळूच म्हणाला, "पुढच्या सामन्याला याल?"

"येईन की."

"कोणाच्या बाजूने?"

विसोबाने अलीकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं. दोन्ही काठांवर तशीच झाडं होती. तो बराच वेळ विचार करत राहिला.

"तू चढाईला निघालास की ओरडेन," तो शेवटी म्हणाला. "धरला गेलास की गप्प बसेन. याच्यापलीकडचं मला काही कळत नाही रे. वय झालं."

मग मुरार अलीकडे गेला आणि विसोबा पलीकडे.

पळसबनाने विसोबाचं थाटात स्वागत केलं, गळ्यात पळसाची माळ घातली आणि अगदी पुढची जागा दिली. पण त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात करवंदीचा मुंगूस चढाईला आला आणि नव्या प्रेक्षकाचे सगळे काटे उभे राहिले. पळसबनवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दोन उत्तम पोपट देऊन आपण हे काय आणलं, असं त्यांना झालं. त्यांनी विसोबाला राखीव प्रेक्षकांत बसवलं, सगळ्यात मागे, एका वाळक्या झाडाआड. तिथून मैदान निम्मंच दिसायचं.

विसोबा दर सामन्याआधी पहाटे येऊन त्या झाडाआड बसतो. मुरार दिसणाऱ्या निम्म्या मैदानात आला की ओरडतो. न दिसणाऱ्या निम्म्यात गेला की डोळे मिटून मुकाट्याने बसतो आणि कान टवकारून दम मोजतो.

बगळेसाहेबांचा मात्र जंगलातर्फे सत्कार झाला. एका हंगामात इतके प्राणी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेऊन शेवटी सगळं जवळपास होतं तसंच ठेवल्याबद्दल.

तात्पर्य म्हणाल, तर ते असं: बाळांनो, खेळाडूवर जीव लावू नका, त्याला पलीकडे देतात. संघावर जीव लावू नका, तो तुम्हांलाच पलीकडे देतो. जीव लावायचाच झाला, तर व्यवस्थापकावर लावा. त्याच्या बदल्यात आजवर कोणी एक पोपटसुद्धा देऊ केलेला नाही, त्यामुळे तो तुम्हांला जन्मभर पुरेल.